‘आमची संस्कृती वेगळी आहे’ हे विधान कसे तपासावे : मानवी हक्कांच्या तुलनात्मक वाचनाची एक रीत

१९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये बँकॉकमध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन जाहीरनामे मंजूर झाले. त्यांपैकी एक आशियातील सरकारांचा होता. मानवी हक्क वैश्विक आहेत हे त्याने नाकारले नाही. मात्र प्रत्येक राष्ट्राची व प्रदेशाची वैशिष्ट्ये, तिथला इतिहास, संस्कृती आणि धर्म यांचे भान ठेवूनच त्यांचा विचार व्हावा, असे त्याच्या आठव्या परिच्छेदात म्हटले होते. दुसरा जाहीरनामा त्याच खंडातील स्वयंसेवी संघटनांचा होता. परस्परांच्या संस्कृतींपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, हे मान्य करून त्याने पुढे असे बजावले होते की, स्त्रियांच्या हक्कांसह सर्वमान्य मानवी हक्कांना बाधा आणणाऱ्या सांस्कृतिक प्रथा खपवून घेता कामा नयेत. आता यांपैकी ‘आशियाई दृष्टिकोन’ कोणता मानायचा?

मानवी हक्कांची समज समाजागणिक कशी बदलते, या विषयावर निबंध, परीक्षेतील उत्तर, वृत्तपत्रीय लेख किंवा एखाद्या संस्थेसाठी क्षेत्र-अहवाल लिहिणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच पानावर भेटतो, आणि बहुतेक जण तो टाळून पुढे जातात. मग ‘पाश्चात्त्य समाज व्यक्तिवादी असतो आणि पौर्वात्य समाज समूहवादी असतो’ अशा एका वाक्यावर सगळे लेखन उभे राहते. ते वाक्य पूर्णपणे खोटे नाही, पण त्याने काहीच कळत नाही. पुढे जी रीत मांडली आहे तिचा सगळा भर एका गोष्टीवर आहे : एखाद्या संस्कृतीच्या नावाने विधान केले गेले की, ते त्या समाजातील कोणी केले आणि त्याच समाजातील कोणी ते नाकारले, हे शोधून काढायचे.

सुरुवात शब्दापासून करावी

दुसऱ्या समाजाकडे वळण्यापूर्वी आपल्याच भाषेतील शब्द उलगडून पाहावेत. ‘हक्क’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. अरबीत त्याच्या अर्थात ‘सत्य’ही सामावलेले आहे आणि ईश्वराच्या नावांतही तो आढळतो. मराठी दफ्तरांत मात्र तो वतनाला चिकटलेला दिसतो : देशमुखाचा हक्क, पाटलाचा हक्क, बलुतेदाराचा हक्क. हा हक्क माणूस म्हणून मिळत नसे, वतनदार म्हणून मिळे. तो वारशाने चाले, भाऊबंदांत वाटला जाई, प्रसंगी विकलाही जाई. महार वतनातही ‘हक्क’ होते, पण ते गावकीच्या राबणुकीशी असे बांधलेले होते की, त्या बांधिलकीतून सुटका व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांना १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडावे लागले. ‘अधिकार’ या संस्कृत शब्दाची कथा याहून वेगळी नाही. त्यात मुळात पात्रतेचा अर्थ आहे : अमुक कर्म करण्यास कोण पात्र आणि कोण अपात्र. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात विसाव्या शतकाच्या तोंडावर पेटलेले वेदोक्त प्रकरण, म्हणजे वेदमंत्रांनी धर्मविधी करवून घेण्यास कोण पात्र हा वाद, हे नेमके या अर्थाच्या अधिकाराचे भांडण होते.

म्हणजे ज्या दोन शब्दांनी आपण आज ‘केवळ माणूस म्हणून जन्मल्यामुळे मिळणारी गोष्ट’ व्यक्त करतो, ते दोन्ही शब्द जुन्या वापरात जन्मानुसार असमान वाटल्या गेलेल्या गोष्टींसाठी होते. महाडच्या लढ्याच्या काळात ‘माणुसकीचे हक्क’ असा शब्दप्रयोग रूढ झाला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. ‘माणुसकीचे’ हे विशेषण जोडल्यावाचून नुसता ‘हक्क’ पुरा पडत नव्हता. आणखी एक शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्या संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असे शब्द आहेत. पण रोजच्या मराठीत ‘प्रतिष्ठित’ माणूस म्हणजे सभेत पुढच्या रांगेत बसणारा माणूस. सर्वांना सारखीच असणारी प्रतिष्ठा ही कल्पना त्या शब्दात आपल्याला प्रयत्नपूर्वक भरावी लागते, आणि वर्गात हे शिकवताना तो प्रयत्न दिसतोच.

हीच पद्धत दुसऱ्या भाषेला लावावी. दक्षिण आफ्रिकेतील ‘उबुंटू’ या कल्पनेचे वर्णन ‘माणूस इतर माणसांमुळे माणूस असतो’ या झुलू म्हणीने केले जाते. तिचे भाषांतर सरळ ‘मानवी हक्क’ असे केले की तिच्यातील परस्परावलंबन गळून पडते, आणि ‘हक्कांच्या विरुद्ध असलेला समूहवाद’ असे केले तर ते चूकच ठरते, कारण याच कल्पनेचा आधार घेऊन त्या देशाच्या न्यायाधीशांनी १९९५ साली फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरवताना माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल लिहिले. टिपण करताना प्रत्येक शब्दासमोर तीन गोष्टी नोंदवाव्यात : जुना अर्थ, तो अर्थ कोणाला लागू होता आणि तो अर्थ कोणी, केव्हा बदलला. एखाद्या भाषेत शब्द नाही म्हणून त्या समाजात ती जाणीवही नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. अन्यायाविरुद्धचा संताप शब्दकोशाची वाट पाहत नाही.

मसुदा कोणी लिहिला, हे पाहावे

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये मंजूर झालेला मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा ‘पाश्चात्त्य’ आहे असे म्हणणाऱ्यांची आणि तो ‘सर्व जगाने एकमुखाने’ स्वीकारला असे म्हणणाऱ्यांचीही कमतरता नाही. अभ्यासकाने दोन्ही विधाने मतदानाच्या नोंदीशी ताडून पाहावीत. त्या वेळी संयुक्त राष्ट्रांचे ५८ सदस्य होते. ४८ देशांनी बाजूने मत दिले, विरोधात एकही मत पडले नाही, आठ देश तटस्थ राहिले आणि दोन देशांनी मतदानात भागच घेतला नाही. तटस्थ राहिलेल्यांत सोव्हिएत संघ व त्याच्या गोटातील देश होते, वर्णभेदाचे धोरण राबवणारी दक्षिण आफ्रिका होती आणि सौदी अरेबिया होता. या तिघांची कारणे तीन प्रकारची होती. ‘आठ देशांचा सांस्कृतिक विरोध’ असे त्यांचे गाठोडे बांधता येत नाही. त्याहून मोठी उणीव मतदानाच्या नोंदीत दिसतच नाही, कारण ती अनुपस्थितांची आहे. आफ्रिकेतील इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका एवढेच देश तेव्हा सदस्य होते; आफ्रिकेचा बाकीचा बहुतेक भाग वसाहतींत विभागलेला होता. ‘सर्व जग’ हा शब्द वापरताना हे विसरू नये.

दुसरीकडे, मसुदा घडवणाऱ्यांतले आवाज निव्वळ युरोपचे नव्हते. चीनचे पी. सी. चँग यांनी कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ‘रेन’ ही कल्पना पुढे आणली. हा शब्द चिनी लिपीत ‘माणूस’ आणि ‘दोन’ या चिन्हांतून घडलेला आहे, आणि दुसऱ्या माणसाची जाणीव ठेवणे हा त्याचा गाभा आहे. पहिल्या कलमात बुद्धीच्या जोडीला सदसद्विवेकबुद्धी आली ती या आग्रहातून. भाषांतरात मूळ छटा बरीचशी हरवली, ही गोष्ट वेगळी. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल अशा इंग्रजी शब्दयोजनेला हरकत घेतली आणि तिच्या जागी ‘सर्व मानव’ हा निःसंदिग्ध शब्द आला. मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या आणि अखिल भारतीय महिला परिषदेत घडलेल्या या बाईंची सूचना व्याकरणाची वाटते, पण त्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार नव्हता आणि तो मिळायला १९७१ साल उजाडावे लागले. एवढे एक उदाहरण हाताशी असले की, ‘समतेची कल्पना पश्चिमेकडून पूर्वेकडे आली’ हे सरसकट वाक्य लिहिताना लेखणी अडखळते.

याच चर्चेतील धर्मांतराचा वाद तर या लेखातील रीतीचा उत्तम नमुना आहे. अठराव्या कलमात धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्याचा उल्लेख होता आणि सौदी अरेबियाने त्याला इस्लामच्या आधारे हरकत घेतली. त्यांची बाजू मांडणारे प्रतिनिधी जमील बरूदी हे लेबननमध्ये जन्मलेले ख्रिस्ती गृहस्थ होते. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री झफरुल्ला खान यांनी त्याच इस्लामच्या आधारे त्या कलमाचे समर्थन केले. पुढे १९७४ साली पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून, झफरुल्ला खान ज्या अहमदिया पंथाचे होते त्या पंथालाच मुस्लिमेतर ठरवले. तेव्हा ‘इस्लामची भूमिका’ असे लिहिण्याऐवजी कोणत्या सरकारची, कोणत्या वर्षाची, कोणत्या विद्वानाची भूमिका असे लिहावे. शब्द थोडे वाढतात, पण चूक टळते.

शेवटची कलमे आधी वाचावीत

वेगवेगळ्या प्रदेशांचे जाहीरनामे शेजारी ठेवून वाचायचे असतील, तर सुरुवातीच्या कलमांनी भारावून जाऊ नये. जीविताचा हक्क, समता, छळापासून संरक्षण हे सगळीकडे सारख्याच भारदस्त भाषेत असते. खरा फरक मर्यादांच्या कलमांत असतो आणि ती बहुधा शेवटी असतात.

इस्लामी सहकार्य संघटनेचा १९९० चा कैरो जाहीरनामा घ्या. त्यातील चोविसावे कलम सर्व हक्क शरियतच्या अधीन ठेवते आणि पंचविसावे कलम शरियत हाच अर्थ लावण्याचा एकमेव आधार ठरवते. ही दोन कलमे वाचल्यानंतर आधीची तेवीस कलमे पुन्हा वाचली, तर ती वेगळी दिसू लागतात. १९४८ च्या जाहीरनाम्यातही एकोणतिसावे कलम आहे, जे व्यक्तीची समाजाप्रती कर्तव्ये सांगते आणि इतरांचे हक्क, नीती व सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी कायद्याने मर्यादा घालण्यास मुभा देते. आपल्या संविधानातील पंचविसावा अनुच्छेद तर मर्यादेनेच सुरू होतो : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीनतेने धर्मस्वातंत्र्य. म्हणजे मर्यादा असणे हा फरक नव्हे. मर्यादा कशाच्या नावाने घातली आहे आणि तिचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे, संसदेकडे, न्यायालयाकडे की धर्मपंडितांकडे, हे तपासायचे असते.

मर्यादांनंतर हक्काचा धारक कोण, ते पाहावे. १९८१ साली स्वीकारलेल्या आणि १९८६ पासून अमलात आलेल्या आफ्रिकी सनदेच्या नावातच ‘मानवी व लोकसमूहांचे हक्क’ असे शब्द आहेत. तिच्यात व्यक्तीबरोबरच लोकसमूहही हक्काचा धारक आहे आणि कुटुंब, समाज व राष्ट्र यांच्याप्रती व्यक्तीची कर्तव्येही सांगितलेली आहेत. समूहाचा हक्क ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली जो सामूहिक वनहक्क मिळाला, त्याचा धारक कोणी एक खातेदार नाही. तो गावाचा आहे. मालकीची ही जाण कायद्याने गावाला शिकवली नाही; गावाची जाण कायद्यात येण्यासाठी २००६ पर्यंत वाट पाहावी लागली.

आफ्रिकी सनदेतील एका विशेषणाकडे आवर्जून लक्ष द्यावे. एकोणतिसाव्या कलमात आफ्रिकी सांस्कृतिक मूल्ये जपणे हे कर्तव्य सांगितले आहे, पण त्या मूल्यांच्या आधी ‘सकारात्मक’ हा शब्द आहे. म्हणजे सगळीच मूल्ये जपायची नाहीत. मग सकारात्मक कोणती, हे ठरवणार कोण? सनदेत याचे उत्तर नव्हते. २००३ साली स्त्रियांच्या हक्कांविषयी जो मापुतो करार झाला, त्याच्या सतराव्या कलमाने ते दिले : सकारात्मक सांस्कृतिक वातावरणात जगण्याचा हक्क स्त्रियांना आहे आणि सांस्कृतिक धोरणे ठरवण्याच्या सर्व पातळ्यांवर सहभागी होण्याचाही हक्क त्यांना आहे. संस्कृती विरुद्ध हक्क अशी मांडणी सोडून संस्कृती घडवण्याचाच हक्क मागणारे हे कलम मला या सगळ्या दस्तऐवजांत सर्वांत मार्मिक वाटते, आणि आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ते फारसे भेटत नाही.

सही केली आहे का, आणि कोणत्या अटीवर

एखाद्या देशाची भूमिका त्याच्या भाषणांवरून ठरवू नये. त्याने कोणत्या करारांना मान्यता दिली आणि देताना कोणत्या अटी नोंदवल्या, हे संयुक्त राष्ट्रांच्या करारनोंदीत सहज पाहता येते. तिथे पुष्कळ समज गळून पडतात. अमेरिकेने आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारावर १९७७ साली सही केली, पण त्याला अद्याप अनुमती दिलेली नाही, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्याच्या १९७९ च्या कराराचेही तेच. चीनने नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर १९९८ मध्ये सही करून तो तसाच ठेवला आहे. २००७ साली मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा आमसभेत आला तेव्हा विरोधात मत देणारे चार देश ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका हे होते. चौघांनीही पुढे भूमिका बदलली, पण ‘सांस्कृतिक कारणाने हक्क नाकारणे’ ही पूर्वेची मिरास नाही, हे दाखवायला ती नोंद पुरेशी आहे.

भारताची नोंद जरा थांबून वाचावी. भारताने १९९३ मध्ये स्त्रीविषयक करारास अनुमती देताना पाचव्या आणि सोळाव्या कलमांतील काही तरतुदींबाबत असे निवेदन जोडले की, कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाशी सुसंगत राहून या तरतुदी पाळल्या जातील. स्त्री-पुरुषांच्या भूमिकांविषयीचे सामाजिक व सांस्कृतिक पूर्वग्रह हा पाचव्या कलमातील त्या तरतुदीचा विषय आहे, तर विवाह आणि कौटुंबिक संबंध हा सोळाव्याचा. या निवेदनातील ‘पुढाकार’ आणि ‘समाज’ या दोन शब्दांखाली रेघ मारावी. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांनी, समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या साथीने, तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत सचिवालयावर मोर्चा काढला होता. कोकणातल्या मिरजोळीच्या दलवाईंनी पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. हा समाजाचा पुढाकार होता की नव्हता? मोर्चात सात जणीच होत्या म्हणून तो नव्हता, असे कोणी म्हणेल. मग किती जणी असत्या म्हणजे तो समाजाचा झाला असता, याचे उत्तर त्याने द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने एकाच वेळी दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला तो ऑगस्ट २०१७ मध्ये, आणि त्याही खटल्यात दाद मागणाऱ्या स्त्रिया त्याच समाजातल्या होत्या.

प्रथेचा पुरावा मागावा

‘आमच्याकडे पूर्वापार असेच चालत आले आहे’ हे वाक्य ऐकले की, अभ्यासकाने नम्रपणे पण ठामपणे विचारावे : पूर्वापार म्हणजे केव्हापासून?

महाडच्या चवदार तळ्याचा खटला या दृष्टीने फार कमी वाचला जातो. मार्च १९२७ मधला सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो. डिसेंबर १९२७ च्या परिषदेतील भाषणात आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी आपल्या सभेची तुलना केली, हेही पुष्कळांना माहीत असते. पण तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी आहे असा दावा करून काही सवर्ण कोर्टात गेले, तो वाद दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, हा भाग मागे पडतो. तळे नगरपालिकेचे होते आणि ती रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. या निकालाचा आधार समतेचे तत्त्व हा नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. रूढी पुराव्याने शाबीत झाली असती तर काय, हा प्रश्न त्यातून शिल्लक राहतो. तरीही ज्या गोष्टीला सारे गाव सनातन म्हणत होते, ती कोर्टात सनातन ठरू शकली नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने हाच प्रश्न आणखी पुढे नेला. तेथे ‘कागदावरचा’ रूढीकायदा आणि ‘जिवंत’ रूढीकायदा असा भेद केला जातो. पहिला वसाहतकाळातील अधिकाऱ्यांनी, बहुधा वयस्कर पुरुषांना विचारून, लिहून काढला आणि तो तिथेच गोठला. दुसरा लोकांच्या व्यवहारात बदलत राहिला. २००४ च्या एका निकालात, मृताचा वारसा पुरुष नातेवाइकाकडेच जाण्याचा नियम न्यायालयाने रद्द केला आणि १९२७ च्या वर्णभेदी प्रशासन कायद्यातील संबंधित कलमही त्याबरोबर गेले. २००८ चा निकाल याहून बोधक आहे. लिम्पोपो प्रांतातील वालोयी समाजाचा प्रमुख, ज्याला तिथे ‘होसी’ म्हणतात, १९६८ मध्ये पुत्राविना वारला. थोरली मुलगी होती, पण रूढीप्रमाणे पद तिच्याकडे न जाता त्याच्या भावाकडे गेले. १९९० च्या दशकात, नवी राज्यघटना आल्यावर, राजघराण्याने व समाजाच्या पारंपरिक संस्थांनीच ठरवले की, आता हे पद त्या मुलीला, फिलिया शिलुबाना यांना, मिळावे. चुलतभावाने आव्हान दिले आणि खालच्या न्यायालयांत तो जिंकलाही, कारण जुनी रूढी त्याच्या बाजूची होती. घटनात्मक न्यायालयाने मात्र शिलुबाना यांच्या बाजूने कौल दिला : समाजाला आपली रूढी बदलण्याचा हक्क आहे, आणि कालपर्यंत काय चालले एवढ्यावरून आज काय चालते हे ठरत नाही. येथे परंपरेच्या संस्था समतेच्या बाजूला उभ्या होत्या आणि ‘परंपरा’ हा शब्द त्यांच्याच विरुद्ध वापरला जात होता. ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ या साच्यात हा खटला बसवून पाहावा; तो बसत नाही.

नकार देणाऱ्याचे काय होते, हे विचारावे

क्षेत्रात जाऊन मुलाखती घेणाऱ्यांसाठी सूचना थोडक्यात देतो. ‘तुम्हाला मानवी हक्क मान्य आहेत का?’ असे कधीही विचारू नये. त्याला उत्तर ‘हो’ असेच मिळते. प्रसंगाबद्दल विचारावे. अमुक लग्न ठरले तेव्हा मुलीला कोणी विचारले? पंचांचा निर्णय ज्याने पाळला नाही तो आज कुठे राहतो? त्याच्याकडे मयत झाली तर खांदा द्यायला कोण जाते? पुरुषांच्या बैठकीत स्त्रियांबद्दल मिळालेली उत्तरे स्त्रियांकडून स्वतंत्रपणे पडताळल्याशिवाय लिहू नयेत, आणि गावचा जो माणूस पाहुण्यांशी नेहमी बोलतो त्याच्या पलीकडे जावे.

यांपैकी नकाराचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण एखादी प्रथा लोकांनी मनापासून स्वीकारली आहे की धाकाने, हे त्यावरून कळते. कायद्यालाही तो सोपा गेलेला नाही. मुंबई राज्याने १९४९ साली जातबहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला, कारण धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा पंथाच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग मानला गेला. पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा नवा कायदा केला. येथे एका बाजूला समूहाचा आपले नियम ठरवण्याचा हक्क आहे आणि दुसऱ्या बाजूला त्या समूहात जन्मलेल्या माणसाचा वेगळे वागण्याचा. दोन्हींना हक्क म्हणूनच मांडले गेले होते, हे लिहिणाऱ्याने झाकू नये.

नकाराची किंमत कशी कमी होते, याचे एक उदाहरण सेनेगलमध्ये आहे. मालिकुंडा बंबारा या गावातील स्त्रियांनी १९९७ च्या जुलैत मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदनाची प्रथा सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा शेजारच्या गावांतून त्यांच्यावर टीकाच झाली. जवळच्या एका गावातील वयोवृद्ध इमाम देंबा जावारा यांनी अडचण नेमकी ओळखली : ज्या गावांत सोयरिकी होतात ती सगळी गावे एकत्र ठरवत नाहीत तोवर एकट्या गावातल्या मुलींची लग्ने अडतील. ते गावोगाव पायी हिंडले आणि पुढच्या वर्षी अनेक गावांनी मिळून तसाच जाहीरनामा केला. रोटीबेटी व्यवहार म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे तर्कशास्त्र समजावून सांगावे लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला जी ‘श्रद्धा’ वाटते, ती पुष्कळदा मुलीच्या लग्नाची काळजी असते. आणि काळजीवरचा उपाय वेगळा असतो.

लिहिताना कर्ता लपवू नये

टिपणे झाल्यावर लेखनाचा मसुदा करावा आणि त्यात ‘संस्कृती’, ‘परंपरा’, ‘समाज’ हे शब्द जिथे वाक्याचे कर्ते म्हणून आले असतील तिथे खूण करावी. प्रत्येक खुणेच्या जागी माणसे, संस्था, साल आणि विरोधक घालून वाक्य पुन्हा लिहावे. ‘आशियाई संस्कृतीत व्यक्तीपेक्षा शिस्तीला महत्त्व आहे’ हे वाक्य अशा रीतीने लिहिले तर पुढीलप्रमाणे होईल : ‘आशियाई समाजांना पाश्चात्त्य पद्धतीची लोकशाही जशीच्या तशी मानवत नाही, अशी मांडणी सिंगापूरचे माजी पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९९४ साली एका अमेरिकी नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत केली, त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, लष्करी राजवटीखाली मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेलेले दक्षिण कोरियाचे नेते किम डे-जुंग यांनी प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्सियसचा आणि कोरियातील दोंगहाक पंथाचा दाखला देऊन ती खोडून काढली आणि चार वर्षांनी ते आपल्या देशाचे अध्यक्ष झाले.’ वाक्य लांबते, वाचकाला दोनदा वाचावे लागते, आणि संपादक ते कापायला निघाला तर किम डे-जुंग यांचा अर्धा भाग तरी राहू द्यावा, अशी त्याला विनंती करावी.